महिन्याच्या गोळ्यांचा हिशेब

२०२४ ची भाऊबीज. विधानसभेचं मतदान सतरा दिवसांवर आलेलं आणि पलूस तालुक्यातल्या आमच्या घरी सगळी भावंडं जमलेली. थोरले चुलते, अण्णा, सोप्यात कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. वय बहात्तर. दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिससाठी मिरजेला न्यावं लागतं. पाचच दिवस आधी, धनत्रयोदशीला, सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना पाच लाखांपर्यंत मोफत उपचार देणाऱ्या केंद्राच्या योजनेची सुरुवात झाली होती. चुलतभाऊ म्हणाला, "बघा तात्या, अण्णांची सोय कुणी केली ते. मत देताना ध्यानात ठेवा." तात्या म्हणजे धाकटे चुलते, वसंतदादांच्या काळापासून काँग्रेसचे. ताट बाजूला सारून ते म्हणाले, "योजना पृथ्वीराजबाबांच्या वेळची. तुम्ही नुसती नावं बदलली." पुण्याहून आलेली पुतणी म्हणाली की दोघांच्याही योजनांनी खासगी दवाखाने पोसले, सिव्हिल मात्र तसंच राहिलं. आवाज चढत गेले. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात काकी आतून श्रीखंडाचा जुना डबा घेऊन आल्या आणि झाकण काढून तो त्यांनी मधोमध ठेवला. आत गोळ्यांची पाकिटं होती. काही कात्रीनं अर्धी कापलेली, कारण मेडिकलवाला सुट्ट्या गोळ्या देतो आणि पंधरा दिवसांच्याच परवडतात. काकी म्हणाल्या, "ह्या कार्डावर मिळत न्हाईत. ह्यांचं काय करायचं, ते ठरवा आधी."

त्यावर कुणालाच बोलता आलं नाही. तेव्हापासून मी या वादाकडे नीट पाहतो आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत ज्या घरात दीर्घ आजार आहे, त्या घरात हा वाद या ना त्या रूपात होतोच. कोण काय म्हणतं, त्यात खरं किती आणि सुटून काय जातं, याचा हा आढावा.

वाद घरात का शिरतो

१९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्यालाच सांगली हे नाव मिळालं. १९४३ नंतर प्रतिसरकारनं इथल्या गावांत स्वतःची न्यायदानाची व्यवस्था उभी केली होती आणि आमच्या तालुक्यातलं कुंडल हे त्याचं मोठं केंद्र होतं. पुढे सहकार आला. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, सोसायटी, शिक्षणसंस्था. इथं पक्ष निवडणुकीपुरता दारात येत नाही. उसाची तोड कधी मिळणार, मुलाला नोकरी कुठं लागणार, कर्ज कोण मंजूर करणार, हे सगळं त्याच्याशी बांधलेलं असतं. दवाखानाही त्याच साखळीतला. दोन्ही जिल्ह्यांतली मोठी शिक्षणसंस्थांची रुग्णालयं राजकीय घराण्यांनी उभी केली आहेत. त्यामुळे माणूस आजारी पडला की पहिला प्रश्न असतो, "तिथं आपलं कोण आहे?"

२०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. वर्षानुवर्षं एका झेंड्याखाली असलेले सख्खे भाऊ दोन बाजूंना गेले. त्याच सुमारास आजारही वाढत होते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचं आणि प्रौढांमध्ये तिघांपैकी एकाहून अधिकांना उच्च रक्तदाब असल्याचं आढळलं. म्हणजे चार-पाच मोठी माणसं असलेल्या घरात एखादा तरी गोळ्यांवर असणार. आणि दीर्घ आजाराचं बिल अपघातासारखं एकदा येऊन संपत नाही. ते दर महिन्याला येतं, म्हणून त्यावरचा वादही दर महिन्याला उकरला जातो.

योजनेची वंशावळ

"योजना कुणाची" या भांडणात तात्याही खरे आणि चुलतभाऊही खरा. गंभीर आजारांसाठी राज्य सरकारची जीवनदायी योजना १९९७ ची, युतीच्या काळातली. २०१२ च्या जुलैत तिच्या जागी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. आंध्रातली २००७ ची आरोग्यश्री हा तिचा नमुना. २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि सातारा-सांगलीलाही मिळाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाख, किडनी प्रत्यारोपणाला अडीच लाख. मुख्यमंत्री होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण.

१ एप्रिल २०१७ ला, देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री असताना, तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं गेलं. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, हे साताऱ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, पाच लाखांची. १ एप्रिल २०२० पासून, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र चालू लागली. २०२३ मध्ये राज्याच्या योजनेची मर्यादाही पाच लाख करण्याचा आणि पांढऱ्या रेशनकार्डासह सर्वांना ती लागू करण्याचा निर्णय झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे. प्रत्यक्ष अंमल १ जुलै २०२४ पासून झाला.

इतके मुख्यमंत्री झाले, त्यातले दोघं साताऱ्याच्या मातीतले, आणि योजना एकच वाढत आली. एकानं पाया घातला, दुसऱ्यानं नाव दिलं, तिसऱ्यानं जोडणी केली, चौथ्यानं दार रुंद केलं. घरात हे सांगितलं तर निम्मं भांडण तिथंच मिटायला हवं.

मिटत नाही, याला कारण आहे. दार रुंद व्हायला फार वर्षं गेली आणि त्या वर्षांची किंमत घराघरांनी मोजली. आधी पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्यांनाच लाभ होता. पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांना सवलत होती, पण ती विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांपुरती. माण, खटाव, जत, आटपाडी इथला शेतकरीही पावसाकडे डोळे लावून बसणारा, पण जिल्हा पश्चिम महाराष्ट्रातला म्हणून तो बाहेर राहिला. आमचे अण्णा त्यातलेच. मुलाची नोकरी लागली आणि कार्ड पांढरं झालं. डायलिसिस सुरू झालं २०२३ मध्ये. पुढच्या जुलैपर्यंत सगळा खर्च खिशातून झाला आणि वीस गुंठे रान गहाण पडलं. चुलतभावाचं सरकारवरचं प्रेम आणि तात्यांचा राग, दोन्हींच्या मुळाशी ते वीस गुंठे आहेत.

घरातल्या चार बाजू

पहिली बाजू योजनेची. तिच्या पदरात खरं माप आहे. डायलिसिस, किमोथेरपी, हृदयाची शस्त्रक्रिया यांसाठी पूर्वी जमीन विकण्याशिवाय मार्ग नव्हता, तिथं आज माणूस कार्ड घेऊन जातो. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हे नाकारून बोलणं बरोबर नाही. पण काउंटरवरचा अनुभवही खरा आहे. अण्णांना एकदा छातीत पाणी झालं म्हणून एका रुग्णालयात नेलं. योजनेचा फलक दारात होता, योजनेत मदतीला नेमलेल्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी होती. "हे पॅकेजमध्ये बसत नाही, आधी डिपॉझिट भरा," असं सांगण्यात आलं. रात्री अकरा वाजता भांडायचं की पैसे भरायचे? भरले. सरकारनं ठरवलेला पॅकेजचा दर आणि रुग्णालयाचा खर्च यांत जे अंतर पडतं, ते बऱ्याचदा रुग्णाच्या नातेवाइकांकडून भरून घेतलं जातं.

दुसरी बाजू पुतणीची, सरकारी दवाखान्याची. मिरजेची आरोग्यनगरी म्हणून ओळख झाली ती विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांमुळे. त्यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उभं केलं आणि कर्नाटकापर्यंतचे रुग्ण मिरजेला येऊ लागले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. पुतणी म्हणते, विम्याच्या हप्त्यात जाणारा पैसा याच सिव्हिलमध्ये घातला असता तर? प्रश्न जुना आहे. पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, हे १९४६ मध्ये भोर समितीनं लिहून ठेवलं. सरकारी खर्च देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्के व्हावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं म्हटलं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. राज्यानं १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत केले, तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यातून बाहेर ठेवली. सांगली-मिरजेची सिव्हिल रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयाची. म्हणजे ज्या दारात सर्वांत गरीब माणूस जातो, तिथं तो निर्णय पोचला नाही.

तिसरी बाजू नोकरदार मुलांची: स्वतःचा विमा काढावा, सरकारच्या भरवशावर राहू नये. कंपनीच्या पॉलिसीत आईवडील बसले की हा मुलगा बोलायला मोकळा असतो. पण साठीनंतर, शुगर आणि बीपी असताना पॉलिसी काढायला गेलं की हप्ता ऐकूनच माणूस माघारी येतो. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त चार वर्षं होती, ती २०२४ मध्ये तीन वर्षांवर आणली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. दोन्ही चांगले निर्णय. तरी हमालाला, शेतमजुराला, दोन एकरांच्या धन्याला हा रस्ता पेलणारा नाही.

चौथी बाजू मोठ्यानं कुणी मांडत नाही, पण चालते सगळ्यांची. ती ओळखीची. आमदाराचं पत्र, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, धर्मादाय रुग्णालयातली खाट. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत. हा कायदेशीर अधिकार आहे, पण गावात तो "साहेबांनी करून दिलं" म्हणूनच ओळखला जातो. मग ज्यांच्या पत्रानं काम झालं, त्यांना घरातली सगळी मतं द्यावी लागतात. एखाद्या सुनेनं दुसरीकडे मत दिल्याचा संशय आला तरी घरात अबोला धरला जातो. आजारी माणसाच्या उपचारांची परतफेड मतानं करायची ही रीत मला या वादातली सर्वांत दुखरी जागा वाटते. अण्णा एकदा मला म्हणाले होते, "माझ्यामुळं पोरं कुणाच्या तरी दारात उभी राहत्यात, ते सहन हुईना." डायलिसिसच्या सुईबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

डब्यातल्या गोळ्या

या चारही बाजू माणूस दवाखान्यात दाखल झाल्यावर काय, यावरच बोलतात. काकींचा डबा चौघांच्याही हिशेबाबाहेर आहे. आयुष्मान भारत काय किंवा फुले योजना काय, दोन्ही मुख्यतः दाखल रुग्णासाठी. घरी आल्यावर आयुष्मानमध्ये पंधरा दिवसांची औषधं धरली आहेत, त्यापुढे नाही. डायलिसिस मोफत आहे, पण मधल्या पाच दिवसांच्या बीपीच्या, फॉस्फरसच्या, रक्तवाढीच्या गोळ्या आपल्या खर्चानं. आमच्या घरी त्या महिन्याला चार हजारांच्या आसपास जातात. किर्लोस्करवाडीहून रेल्वेनं मिरजेला जाणं-येणं, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, हे वेगळंच.

आणि मुळात किडनी गेली कशानं? बीपीनं. बीपीची स्वस्तातली गोळी वर्षानुवर्षं वेळेवर मिळाली असती, तपासणी झाली असती, तर कदाचित पाच लाखांच्या कार्डाची गरजच पडली नसती. अण्णांना चक्कर यायची, तेव्हा ते "उन्हानं हुतंय" म्हणायचे. गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं की बंद केल्या. प्रत्येक गावात असे अण्णा आहेत.

याचं उत्तर कुठंच नाही, असं नाही. ते आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांत सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत सातारा होता. सोबत सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. पद्धत अगदी साधी. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजायचं, ठरलेल्या मोजक्या गोळ्यांचा क्रम पाळायचा, तीस दिवसांच्या गोळ्या मोफत द्यायच्या, प्रत्येकाचं कार्ड ठेवायचं आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. यात रेशनकार्डाचा रंग कुणी विचारत नाही. गोळ्यांचा साठा असला की हे चालतं आणि साठा संपला की माणूस पुन्हा मेडिकलच्या पायरीवर. राज्याची औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण झालं. घरातल्या वादात या प्राधिकरणाचं नाव मी कधी ऐकलं नाही, पण काकींच्या डब्याचा संबंध सर्वांत जास्त त्याच्याशी आहे.

सांगलीचं उदाहरण याहून मोठं आहे. १९९० च्या दशकात एचआयव्हीनं हा जिल्हा पोळला. तेव्हाही घरं दुभंगली, सुनांना माहेरी पाठवलं गेलं, माणसं गोठ्यात ठेवली गेली. त्याच काळात, १९९२ पासून, सांगलीत संग्राम संस्थेनं वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना सोबत घेऊन काम उभं केलं. उपचार ही दया नसून अधिकार आहे, हे त्या स्त्रियांनी ठणकावून सांगितलं. देशभरातून असा आवाज उठत गेला आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारनं एचआयव्हीवरची एआरटीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आज एचआयव्ही हा रोज गोळी घेऊन जगायचा दीर्घ आजार झाला आहे. ती गोळी आयुष्यभर सरकारी केंद्रातून मिळते. तिच्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, आमदाराचं पत्र लागत नाही. ज्यांना समाजानं सर्वांत खाली ढकललं, त्यांनी मिळवलेला हा अधिकार शुगर-बीपीच्या कोट्यवधी रुग्णांना अजून तसा मिळालेला नाही.

खानापूर-आटपाडीकडचे सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले. आमचे एक पाहुणे तमिळनाडूत असतात. ते सांगत होते की तिथं शेजारच्या म्हातारीच्या घरी बाई येते, बीपी मोजते आणि महिन्याच्या गोळ्या देऊन जाते. त्या राज्याची ही घरपोच योजना २०२१ ची, पण तिच्यामागे १९९४ मध्ये उभं केलेलं औषधखरेदी महामंडळ आहे. द्रमुक आला, अण्णाद्रमुक आला, महामंडळ मोडलं नाही. राजस्थाननंही २०११ मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं सुरू केली, ती सत्ता बदलूनही राहिली.

औषधांच्या किमतीचं आणखी एक कारण पक्षांच्या भाषणात येत नाही. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाचं पेटंट संपलं. साठ रुपयांच्या घरातली गोळी काही भारतीय कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणली. पेटंट, जेनेरिक, जनऔषधी केंद्रात माल आहे की नाही, डॉक्टर औषधाचं मूळ नाव लिहितात की ब्रँड, यावर महिन्याचं बिल ठरतं.

घरातलं राजकारण

पाच लाखांची मर्यादा कुटुंबाला आहे. अण्णांच्या डायलिसिसनं ती वापरली गेली आणि धाकट्या वहिनींच्या गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं तर? मग "कार्ड वेगळं करा" हा विषय निघतो, आणि आमच्याकडे कार्ड वेगळं करणं म्हणजे चूल वेगळी करणं. सत्तरीवरच्यांसाठी केंद्रानं स्वतंत्र कार्ड दिलं, त्यानं ही ओढाताण थोडी कमी झाली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्या कुटुंबांना आधीच आयुष्मानचा लाभ होता, तिथल्या वृद्धांना वेगळे पाच लाख मिळतात.

आणि बायकांचं बीपी कोण मोजतं? अण्णांच्या डायलिसिसच्या तारखांना कालनिर्णयवर गोल करून ठेवणाऱ्या काकींना स्वतःला शुगर आहे. त्यांच्या गोळ्या त्याच डब्यात तळाशी असतात आणि महिना ताणायचा झाला की आधी त्यांच्या गोळ्या दिवसाआड होतात. हे कुणी ठरवलेलं नाही. विचारल्यावर म्हणाल्या, "मला काय हुतंय?" राजकारणावर सोप्यात बोलणारे आम्ही, एक पुतणी सोडली तर, सगळे पुरुष, आणि औषधांचा खरा हिशेब ज्यांच्याकडे, त्या चुलीपाशी. या वादाचा निकाल लागत नाही, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता काय

घरातला वाद बंद व्हावा असं मला वाटत नाही. प्रतिसरकारच्या मुलखातल्या माणसांनी राजकारण बोलू नये, हे कसं चालेल? पण वादाचा विषय बदलला पाहिजे. योजना कुणी आणली, याचं उत्तर सगळ्यांनी मिळून आणली असंच आहे. विचारायचं ते पुढचं. शुगर, बीपी, किडनी, दमा, फिट यांच्या महिन्याच्या गोळ्या गावच्या उपकेंद्रात बाराही महिने मिळतील का? साठा संपला तर जबाबदार कोण? सिव्हिलला केसपेपरपासून औषधापर्यंत मोफत का नाही? डिपॉझिट मागणाऱ्या रुग्णालयाची तक्रार रात्री अकरा वाजता कुठं करायची? हे प्रश्न ग्रामसभेत मांडता येतात, मत मागायला आलेल्या कोणत्याही पक्षाच्या माणसाला विचारता येतात, आणि ते विचारताना तात्या आणि चुलतभाऊ एका बाजूला बसू शकतात.

गेल्या महिन्यात ते दोघं खरंच एकत्र गेले, प्राथमिक आरोग्य केंद्रात. काकींनी डब्यातली रिकामी पाकिटं पिशवीत घालून दिली होती. डॉक्टरांनी एकेक पाकीट बघून सांगितलं की सातपैकी तीन गोळ्या इथं मोफत मिळतात. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. उरलेल्या चारांचा अर्ज तात्यांनी आपल्या हातानं लिहिला आणि त्याखाली चुलतभावानंही सही केली. काकी म्हणाल्या, त्या अर्जावर त्यांचंही नाव घाला. आता तिघांची नावं आहेत.